जुन्या जीपला भंगारातला डिफ लावायचाय? आधी दात मोजा

माझ्याकडे विलीज घराण्यातली, छोट्या चासीची जुनी महिंद्र जीप आहे. आधीच्या मालकाने तिच्यात डिझेल इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स बसवून आरसी बुकात तशी नोंद करून घेतली होती. शेतात आणि कच्च्या वाटेवर तिला तोड नव्हती. पण कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं, की साठच्या पुढे इंजिन कळवळायला लागायचं. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मागचा डिफ बदला, गाडी पळेल."

डिफ म्हणजे डिफरन्शियल: इंजिनाकडून आलेले फेरे कमी करून दोन्ही चाकांना वाटणारा, ॲक्सलमधला गिअरचा गोळा. मी भंगारातून मागचा अख्खा ॲक्सल आणला. हाउसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर, खडूने ४.८८ असा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा) लिहिलेला होता आणि तो खरा निघाला. जीप पळायलाही लागली. दोन महिन्यांनी पावसाळ्यात आंबा घाटाच्या अलीकडे एका चिखलाच्या वाटेत फोर व्हील टाकलं, आरामात बाहेर आलो आणि डांबरावर चढलो. शंभरेक मीटरवर गाडी ब्रेक लावल्यासारखी ओढायला लागली. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर दोन्ही हातांनी खेचूनही हलेना. शेवटी पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला. टायर जमिनीवरून सुटतोय तोच चाक धाडकन अर्धा फेरा फिरलं आणि लिव्हर मोकळा झाला. माझा हात त्या चाकावर नव्हता, हे नशीब. पुढच्या शाफ्टचा क्रॉस (टोकाचा वळता सांधा) तुटायला आला होता. पुढच्या ॲक्सलचा रेशो अजून ५.३८ होता आणि मागचा ४.८८. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी मोजलं नव्हतं.

त्यानंतर पुढचा-मागचा दोन्ही डिफ नीट मोजून, गणित करून पुन्हा बसवले. तीच सगळी वाट इथे पायरीपायरीने लिहितो आहे. जीप माझी आहे म्हणून उदाहरणं जीपची आहेत, पण मोजायची पद्धत आणि हिशेब कुठल्याही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला लागू पडतो.

१. कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला: उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत कलम १८२-अ आलं. त्यात बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

माझं मत असं: त्याच गाडीचं, त्याच मापाचं हाउसिंग ठेवून आतली क्राऊन-पिनियनची जोडी (डिफमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) बदलणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. बाहेरून गाडीची रुंदी, ब्रेक, चाकं काही बदलत नाही. दुसऱ्या गाडीचा रुंद ॲक्सल, कापून जोडलेलं हाउसिंग, वेगळे ब्रेक यातलं काही करायचं असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच काम सुरू करा. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी तपासणीला उभं राहावंच लागतं. तेव्हा निरीक्षकासमोर गडबड होण्यापेक्षा हे बरं.

जवळ ठेवायचे कागद:
- आरसी बुक, विमा, पीयूसी
- नूतनीकरण जवळ आलं असेल तर फॉर्म २५
- भंगारातल्या मालाची पावती. तिच्यावर दुकानदाराचं नाव-पत्ता, तारीख, 'जुना मागील ॲक्सल' असं स्पष्ट वर्णन आणि ज्या गाडीतून काढला तिचा नंबर, एवढं हवं

पावतीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात येतात आणि चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा गुन्हा आहे. पावती द्यायला जो कचरतो त्याच्याकडचा ॲक्सल कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

२. तुमच्या गाडीत आत्ता काय आहे ते मोजा

रेशो म्हणजे क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा. क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, तर ५.३८. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाकडून ॲक्सलला येणाऱ्या दांड्याला, पाच आणि तीन अष्टमांश फेरे मारावे लागतात. आकडा मोठा असेल तर गाडीला ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान असेल तर उलट.

जीप घराण्यात भेटणाऱ्या जोड्या अशा:
- ४३ आणि ८: ५.३८
- ३९ आणि ८: ४.८८
- ४७ आणि ११: ४.२७
- ४५ आणि ११: ४.०९
- ४१ आणि ११: ३.७३

दुसऱ्या महायुद्धातली विलीज ३९-८ च्या जोडीवर चालायची. १९४५ साली नागरी वापराची सीजे-२ए आली ती ४३-८ घेऊन, कारण तिच्याकडून नांगर ओढायची अपेक्षा होती. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल जीपही याच वंशातल्या. म्हणून तुमच्या गाडीत ५.३८ निघाला तर नवल नाही. पण मॉडेलच्या नावावरून रेशो ठरवू नका. चाळीस-पन्नास वर्षांत या गाड्यांचे ॲक्सल किती वेळा बदलले गेले असतील, कोण जाणे.

हाउसिंग न उघडता मोजायची पद्धत:

पुढच्या चाकांना दगड लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, घोडीवर टेका, दुसरं जमिनीवरच राहू द्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खडूची एकेक रेघ मारा. आता चाक हाताने बरोबर वीस फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला बसवा.

एक चाक धरून ठेवलं की डिफच्या आतल्या स्पायडर गिअरमुळे मोकळं चाक क्राऊनच्या दुप्पट फिरतं. म्हणजे चाकाचे वीस फेरे हे क्राऊनचे दहा. शाफ्टचे ५३ आणि पाऊण फेरे आले तर रेशो ५.३८. पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८. चाकाचे दोनच फेरे फिरवून मोजणारे बरेच भेटतात. त्यातून ५.३८ आणि ४.८८ मधला फरक कळतो, पण ४.२७ आणि ४.०९ मधला फरक फेऱ्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि नजरेतून सुटतो. वीस फेरे फिरवले की तोच फरक जवळपास दोन अख्ख्या फेऱ्यांचा होतो.

हे पुढच्या ॲक्सललाही करा. हब लॉक (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे खटके) असतील तर ते लावलेले हवेत, ट्रान्सफर केस टू व्हीलमध्ये. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

३. टायर आधी ठरवा, मग रेशो

इथे बहुतेक जण उलटं करतात. आधी डिफ आणतात, मग शोभेला मोठे टायर घालतात आणि गाडी चढाला मरते. टायर मोठा केला म्हणजे रेशो लहान केल्यासारखंच होतं.

टायरचा परीघ पुस्तकातून घेऊ नका, जमिनीवर मोजा. हवा नेहमीची भरा, चालक आत बसवा, टायरच्या तळाशी आणि जमिनीवर चुन्याची खूण करा, गाडी ढकलून खूण पुन्हा तळाला येईपर्यंत न्या. दोन खुणांमधलं अंतर हा तुमचा परीघ. माझ्या २३५/७५ आर१५ टायरचा कागदावरचा परीघ २.३० मीटर येतो, वजनाखाली भरला २.२४ मीटर.

आता सूत्र. ताशी किलोमीटरला १००० ने गुणून ६० ने भागा: मिनिटाला किती मीटर ते मिळालं. त्याला परिघाने भागा: चाकाचे फेरे मिळाले. त्याला रेशोने गुणा: शाफ्टचे फेरे. टॉप गिअर थेट, म्हणजे १:१ असेल तर हेच इंजिनाचे फेरे. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा लहान आकड्याचा, असेल तर त्याच्या आकड्याने आणखी गुणा.

माझ्या टायरवर ८० किमीला चाक मिनिटाला ५९५ फेरे फिरतं. त्यावरून इंजिनाचे फेरे:
- ५.३८ ला सुमारे ३२००
- ४.८८ ला २९००
- ४.२७ ला २५४०
- ४.०९ ला २४३५
- ३.७३ ला २२२०

माझ्या डिझेलचा खरा जोर २००० च्या आसपास आहे आणि ३००० च्या पुढे नुसता आवाज. ८० ला २५०० फेरे मला हवे होते. २५०० भागिले ५९५ म्हणजे ४.२०. त्याच्या एका बाजूला ४.२७, दुसऱ्या बाजूला ४.०९. घाट रोजचा असल्याने मी मोठा आकडा धरला.

पण हिशेब इथे थांबवू नका. खालचं टोकही बघा. ५.३८ वरून ४.२७ ला आलात की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ वीस टक्के घटते. ३.७३ ला एकतीस टक्के. भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर चढत होती ती पहिल्यावर येईल का, याचा विचार करा. चिखलात आणि दगडांत चालवायची असेल तर सगळ्यात खालचा गुणाकार काढा: पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा लो गुणिले रेशो. जुन्या विलीजचा तीन गिअरचा टी-९० बॉक्स धरला, तर २.८० गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे ३७. तिथेच ४.२७ लावला की साडेएकोणतीसच्या खाली येतं. दगडावरून मुंगीच्या पावलाने उतरताना हा फरक पायाला जाणवतो, ब्रेकवर पाय जास्त जातो.

तुमचा गिअरबॉक्स अजून ठरायचा असेल तर थांबा. पाच गिअरचा, ओव्हरड्राइव्ह असलेला बॉक्स येणार असेल तर ४.८८ सुद्धा महामार्गाला पुरेल आणि चढालाही ओढ राहील. मला विचाराल तर घाटाच्या माणसाला ही जोडी सगळ्यात सोयीची.

४. फोर व्हील असेल तर पुढचा आणि मागचा सारखाच

५.३८ आणि ४.८८ मध्ये दहा टक्क्यांचा फरक आहे. ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरवते, म्हणून मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरायला बघतात. चिखलात टायर घसरून तो फरक मुरतो. डांबरावर तो शाफ्टमध्ये पिळासारखा साठत जातो. दोरीला पीळ देत राहावं तसं. पुढे एकतर क्रॉस तुटतो, नाहीतर ट्रान्सफर केसचा गिअर.

पॉइंट शून्य एकचा फरक चालतो. कारखान्यांनीच मागे ४.०९ आणि पुढे ४.१० अशा जोड्या दिल्या आहेत. त्याहून मोठा फरक नको. पुढच्या ॲक्सलची क्राऊन-पिनियन मागच्यात बसत नाही, पुढचं युनिट आकाराने लहान असतं. म्हणून दोन्ही जोड्या नक्की मिळतील अशी खात्री होईपर्यंत एकीचेही पैसे देऊ नका. मागच्या जोड्या मुबलक, पुढच्या दुर्मीळ, हा माझा अनुभव. आधी पुढची शोधा.

कधी गाडी अडकलीच तर सरळ रेषेत थोडी मागे घेऊन बघा, बऱ्याचदा पीळ सुटतो. जॅक लावायची वेळ आली तर चाकापासून हात आणि डोकं लांब ठेवा.

५. बाजारात जाताना पिशवीत काय हवं

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट्टई ही जुन्या सुट्या भागांची मोठी ठिकाणं. गावोगावच्या जीपवाल्या गॅरेजच्या मागच्या अंगणातही माल पडलेला असतो, आणि तिथे गाडी कुणाची, कशी चाललेली, हे सांगणारा माणूस भेटतो. मला चौकशीसाठी तीच जागा पसंत आहे.

सोबत घ्या: खडू, मोजपट्टी, व्हर्निअर, टॉर्च, लोहचुंबक, वायर ब्रश, सुतळी, रॉकेलची बाटली, जुनी फडकी, झाकणाच्या बोल्टला बसणारे पाने. शक्य असेल तर डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन. आणि एक माणूस. ॲक्सल उलटापालटा करणं एकट्याचं काम नाही.

उन्हात जा. शेडमधल्या अंधारात दाताचा टवका दिसत नाही.

६. पैसे देण्याआधी

खडूच्या आकड्यावर जाऊ नका. पहिल्या वेळी तो खरा होता, दुसऱ्या वेळी ४.२७ म्हणून दाखवलेल्या हाउसिंगमध्ये मला ४.८८ सापडला.

आधी फिरवून बघा. एका बाजूचा ड्रम फिरवला की दुसऱ्या बाजूचा उलटा फिरला पाहिजे, शाफ्टची फ्लँज जागेवर असताना. दोन्ही एकाच दिशेला फिरत असतील तर आत लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारी रचना) आहे किंवा कुणीतरी स्पायडरला वेल्डिंग मारलंय. चिखलाच्या शर्यतींसाठी असं करतात. रस्त्यावर वळताना असा ॲक्सल टायर घासतो आणि शाफ्ट तोडतो. तो सोडून द्या.

मग तेल. खालचा बोल्ट सैल करून थोडं तेल तळहातावर घ्या. काळं आणि गंधकाचा वास असलेलं चालेल, तो वास त्या तेलाचा असतोच. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय आणि बेअरिंगला गंज असणार. बोटांत चोळून उन्हात धरा: चंदेरी चकाकी थोडी असेल तर झीज, कण बोटाला टोचले तर दात तुटलेला. लोहचुंबक आतून फिरवा.

आता झाकण उघडाच. दुकानदार कुरकुर करतो; करू दे. त्याला सांगा, गॅस्केटचे पैसे मी देतो. आत फडकं आणि रॉकेलने क्राऊन स्वच्छ पुसा. कडेवर कोरलेले आकडे दिसतील. त्यात दातांची संख्या असते, उदाहरणार्थ ४३-८, आणि जोडीचा एक क्रमांक असतो. तोच क्रमांक पिनियनच्या डोक्यावर हवा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकीकडचा क्राऊन आणि दुसरीकडचा पिनियन घेतला की ती जोडी कधीच गप्प बसत नाही. क्रमांक जुळत नसतील तर त्याला नुसत्या हाउसिंगचा भाव द्या.

प्रत्येक दात टॉर्चने बघा. मी एका दातावर खडूची खूण करून तिथून सुरू करतो आणि संख्याही मोजतो. दोन्ही कामं एका फेऱ्यात होतात. दाताच्या दोन बाजू असतात: एक गाडी ओढतानाची, एक उतारावर इंजिनाने रोखतानाची. ओढायच्या बाजूला चकचकीत पट्टा असणं साहजिक आहे. पण त्या पट्ट्यात देवीच्या व्रणासारखे बारीक खड्डे असतील, काठ टवकलेला असेल किंवा निळसर जांभळी झाक असेल तर नको. निळसर म्हणजे तेलाविना तापलेला. तो पोलाद आता पहिल्यासारखा राहिलेला नाही.

स्पायडर गिअर आणि त्यांची पिन हलवून बघा. क्राऊन धरून पुढेमागे खडखड केला तर बेअरिंग किंवा बॅकलॅश (दातांमधली ठरलेली मोकळी जागा) गेलाय. बेअरिंग तसंही नवीनच घालायचं असतं, त्यामुळे त्यावरून माल नाकारू नका. त्यावरून भाव करा.

मागे राहिलं हाउसिंग. स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक जिथे वेल्ड केली आहे तिथे वायर ब्रश मारून भेगा शोधा. नळी वाकली आहे का बघायला दोन्ही ड्रमच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा. दोन्हीत चार-पाच मिलिमीटरचा फरक आला तर वाकलेला समजा. ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढून त्याच्या स्प्लाइनवर (टोकाच्या लांब खाचांवर) सुतळी सरळ धरा. स्प्लाइन दोरीला सोडून तिरक्या गेल्या असतील तर शाफ्ट पिळला गेलाय. ऑइल सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवीन सीलही गळेल.

जुन्या सेमी फ्लोटिंग ॲक्सलमध्ये (ज्यात चाकाचा भार शाफ्टवरच येतो) टेपर शाफ्टवर चावीने बसवलेले हब भेटतात. ते काढायला पुलर लागतो, हातोडीने ठोकून निघत नाही, शाफ्टचं टोक फुलतं. चावीचा गाळा रुंदावलेला असेल तर तो शाफ्ट टाकून द्या.

आणखी एक सापळा. डाना ४४ जातीच्या ॲक्सलमध्ये क्राऊन ज्या केसवर बोल्टने बसतो तो केस सगळ्या रेशोंना एक नसतो. ३.७३ आणि त्याखालच्या जोड्यांना एक, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरा. ५.३८ वरून ४.२७ ला जाताना तुमचा केस चालतो. ३.७३ ला जायचं तर केससकट घ्या. पुढच्या ॲक्सलला ही सीमारेषा वेगळी असू शकते, म्हणून तिथे केससकट घेणंच बरं.

७. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल मोहात पाडतो तेव्हा

जिप्सीच्या आणि जुन्या जीपच्या चाकांचे पाच बोल्ट एकाच वर्तुळावर, १३९.७ मिमीच्या, बसतात. त्यामुळे "साहेब, जिप्सीचा घ्या, चाकं जशीच्या तशी लागतील" असं हमखास ऐकू येतं. चाक लागेलही. पण जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय रेंजलाही गती कमी होते, आपल्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय थेट १:१ असतो. म्हणजे तोच डिफ जीपला लावला की रेशो फार लहान पडतो आणि गाडी चढाला दम टाकते. शिवाय जीपच्या इंजिनाचा आणि वजनाचा भार त्या डिफवर येतो.

तरीही दुसरा ॲक्सल बघायचाच असेल तर एवढी मापं घ्या: ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंत रुंदी, पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, डिफचा गोळा मधोमध आहे की एका बाजूला, हँडब्रेकची केबल कुठून येते, ब्रेकचा सिलिंडर केवढा. विलीज वंशाच्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही शाफ्टचं तोंड ट्रान्सफर केसच्या उजवीकडे असतं, म्हणून गोळाही उजवीकडे. मधोमध गोळा असलेला ॲक्सल लावला की शाफ्ट तिरका होतो, क्रॉस लवकर जातात. कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

८. जुळवणी

हे काम पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी मिस्त्रीकडे द्या आणि शेजारी उभे राहा. त्याच्याकडे डायल गेज आहे का, हा पहिला प्रश्न. "हाताच्या अंदाजाने बसवतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. मी दिलं होतं, सत्तरच्या वेगाला डिफ रडायला लागला आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं.

तीन गोष्टी बघायच्या. पिनियन किती आत बसला आहे: त्याच्या डोक्यावर अधिक किंवा वजा असा छोटा आकडा कोरलेला असतो, तो इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्या पिनियनवर अधिक दोन आणि नव्यावर वजा एक असेल तर शिममध्ये (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांमध्ये) तीन हजारांशांचा फरक करावा लागणार. दुसरं, पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण: नट आवळल्यावर तो हाताने फिरायला किंचित जड, पण अडखळता नको. तिसरा बॅकलॅश: क्राऊन धरून हलवल्यावर डायल गेजवर साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

शेवटी क्राऊनच्या चार-पाच दातांना मार्किंगचा रंग लावून, हाताने थोडा अडवून, फिरवा. दातावर ठसा उमटतो. तो दाताच्या मधोमध, अंडाकृती हवा. वरच्या काठाला गेला तर पिनियन आणखी आत हवा, मुळाशी उतरला तर बाहेर. मिस्त्रीने चौथ्यांदा शिम बदलून ठसा मधोमध आणला, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. जुन्या जोडीत रोखायच्या बाजूचा ठसा आधी बघा, कारण ओढायच्या बाजूला तिचे दात घासून बसलेले असतात.

नवीन घालायचं ते असं: सगळे बेअरिंग, सगळी ऑइल सील, पिनियनचा नट, गॅस्केट, शाफ्टचे क्रॉस. ब्रीदरचं, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं, छिद्र तारेने मोकळं करा. ते बुजलं की आत दाब वाढतो आणि नवीन सीलमधूनही तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं.

ॲक्सल पाट्यांवर बसवताना यू-बोल्ट आधी सैल ठेवा. पिनियनची फ्लँज ट्रान्सफर केसच्या फ्लँजला समांतर आणा, मग आवळा. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शाफ्टचा सरकता जोड पुरेसा आत आहे ना, ते पाहा.

९. तेल, पहिले किलोमीटर आणि काटा

जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा एसएई ९० तेल, भरायच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत. गाडी सपाटीवर उभी असताना.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर, साठच्या आत, भार न टाकता चालवा. मग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनचार वेळा. घरी आल्यावर हाउसिंगला हात लावा: कोमट ते गरम ठीक, हात टेकवता येत नसेल तर बेअरिंगवर ताण जास्त पडलाय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रडतो की सोडल्यावर रडतो, हे लक्षात ठेवून मिस्त्रीला सांगा, त्यावरून त्याला दोष कुठे आहे ते कळतं. पहिले ८०० किमी ट्रॉली ओढू नका, मग तेल बदला. पहिल्या तेलात बारीक चंदेरी चकाकी येणारच.

राहिला स्पीडोमीटर. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, म्हणजे ती शाफ्टचे फेरे मोजते. ५.३८ वरून ४.२७ केला की त्याच वेगाला शाफ्ट कमी फिरतो आणि काटा कमी दाखवतो: गाडी ८० ला आणि काटा साडेत्रेसष्टला. चालकाला वाटतं गाडी मवाळ चाललीय, आणि जुन्या ड्रम ब्रेकवर ८० चा वेग थांबवायची वेळ येते. जुळणारा छोटा स्पीडो गिअर मिळाला तर उत्तम. मिळेपर्यंत फोनच्या जीपीएसवर ४०, ५०, ६०, ८० चा खरा वेग धरून काट्याच्या काचेवर रंगाचे ठिपके द्या. माझ्या काचेवर अजून लाल ठिपका आहे. घरातलं दुसरं कुणी जीप न्यायला आलं, की किल्ली देण्याआधी मी तो दाखवतो.